पेण ते रोहा, आणि घंटीत बुडालेला एक शब्द

पन्नाशीला सायकल घेतली आणि वर्षभर ती पनवेलच्या बाहेर नेलीच नाही. या जानेवारीत मात्र ठरवलं, पेण ते रोहा. नागोठणेमार्गे साधारण चाळीस किलोमीटर, मध्ये भिसे खिंडीचा एक खरा चढ, रोह्यात मुक्काम. परत न्यायला माझा नवरा, सतीश, गाडी घेऊन येणार होता. रस्त्याची भीती नव्हती, गावातल्या गर्दीची होती. फोनमध्ये हरवून चालणाऱ्या माणसांना सावध कसं करायचं, यावर आमच्या सायकल ग्रुपचं कधीच एकमत होत नाही. कोणी म्हणतं, दुरूनच दोनदा घंटी मारा. कोणी म्हणतं, तोंडाने सांगा. कोणी म्हणतं काहीच करू नका, दचकलेला माणूस भलतीकडेच जातो.

सतीशने सकाळी आठ वाजता पेणला सोडलं. मिसळ खाल्ली, चहा घेतला आणि महामार्गाकडे जायच्या आधी बाजारातून एक फेरी मारावी म्हणून आत वळले. पेणला जाणार असाल तर ही फेरी चुकवू नका. पोह्यांचे पापड, मिरगुंडं, आणि टेम्पोत दाटीने उभ्या केलेल्या बिनरंगाच्या गणेशमूर्ती. पुढे एक आजोबा रमतगमत चालले होते. ग्रुपमध्ये शिकवल्याप्रमाणे मी म्हणाले, "उजवीकडून येतेय." ते तत्परतेने उजवीकडे सरकले. मी कचकन ब्रेक मारला. "तूच उजवीकडे म्हणालीस ना?" असं म्हणून ते निघून गेले. मला त्यात काही चुकीचं सापडलं नाही, म्हणून मी घंटीवर आले.

दहा-बारा दुकानं पुढे रस्त्याच्या मधोमध एक बाई उभी होती. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट. मी घंटी वाजवली. ती हलली नाही. जवळ येऊन पुन्हा वाजवली, जरा जोरात. ती एकदम मागे सरली ती थेट माझ्या हँडलवर. माझे पाय टेकलेले होते, त्यामुळे कोणीच पडलं नाही. पडला तो तिचा फोन, आणि समोरून आलेल्या टेम्पोचं चाक त्यावरून गेलं.

मी माफी मागायला लागले, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती त्या चुऱ्याकडे बघत पुटपुटत होती. मासळी घेऊन बसलेल्या एका बाईने विचारलं, "काय झालं गो?" तेव्हा ती बोलली. तिचं नाव वनिता. जवळच्या जोहे गावात मूर्तींच्या कारखान्यात कामाला असते, रंग घ्यायला पेणला आली होती. नवरा रोह्याला खोली घेऊन राहतो. त्याच्याबरोबर राहणाऱ्या रघुनाथचा फोन होता. तिचा नवरा पहाटे जिन्यावरून पडला होता, डोक्याला लागलं होतं, दवाखान्यात नेलं होतं.

"अजून शुद्धीवर, एवढं बोलला," वनिता म्हणाली. "पुढं घंटी वाजली. हाय म्हणाला का नाय म्हणाला, मला कळलंच नाय."

आम्ही शेजारच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. सिमकार्डचे दोन तुकडे झाले होते. रघुनाथचा नंबर तिला पाठ नव्हता. नवऱ्याचा होता, पण तो फोन बंद. दवाखाना कुठला तेही माहीत नाही. दुकानदाराने शोधून दोन ठिकाणी फोन लावला. एकाने उचलला नाही, दुसऱ्याने सांगितलं की या नावाचं कोणी नाही, पण सगळ्यांची नोंद अजून झालेली नाही. म्हणजे नक्की काय समजायचं?

मी सायकल दुकानातच लावली आणि तिच्याबरोबर एसटीत बसले. तिने बोलावलं नव्हतं. बसू नका असंही म्हणाली नाही.

त्यामुळे या मार्गाचं पहिलं दर्शन मला खिडकीतून झालं. वडखळपर्यंत धूळ आणि अवजड गाड्या, एका बाजूला खाडीकडची सपाट जमीन. नागोठण्याला गाडी बदलावी लागली. पाऊण तास थांबलो. मी वडापाव आणला, तिने हातात धरून ठेवला. खिंडीचा चढ सुरू झाल्यावर तिने विचारलं, "ताई, तुम्ही तर जवळच होता. तुम्हाला काय ऐकू आलं?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. हाय असं सांगून टाकावं, असं फार वाटलं. पण ते खोटं ठरलं तर? आणि खरं सांगून तरी तिला काय मिळणार होतं?

"नाही गं, ऐकलं नाही," मी म्हणाले. तिने मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

रोह्यात पहिल्या दवाखान्यात तो नव्हता. दुसऱ्यात कोपऱ्यातल्या खाटेवर बसून चहात बिस्कीट बुडवत होता. डोक्याला पट्टी, हाताला प्लास्टर. बायकोला बघून म्हणाला, काम सोडून कशाला आलीस. वनिता तिथेच जमिनीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

मी बाहेर आले. रघुनाथ पायरीवर होता. त्याला मी सगळं सांगितलं, घंटीचंही. मग विचारलं, नक्की काय म्हणाला होतात?

"नाय म्हणालो," तो म्हणाला. "तेव्हा नव्हताच शुद्धीवर. मंग तासाभरानं डोळं उघडलं. वहिनीचा फोन किती वेळा लावला."

वनिता मागे कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं नाय ऐकलं. ऐकलं असतं तर त्या एसटीत माझ्याच्यानं बसवलं नसतं."

ती माझे आभार मानत होती का? मी तिला नव्या फोनच्या पैशांचं विचारलं. तर म्हणाली, बघू मागनं. मी माझा नंबर लिहून दिला, आणि संध्याकाळी कुंडलिका नदीच्या काठावर बसून ठरवायचा प्रयत्न केला की मी तिचं वाईट केलं की बरं. तीन तास ती कुठल्या अवस्थेत होती ते मी पाहिलं होतं. नाय ऐकून ती कशी असती ते मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने पेणला परतले आणि ठरलेला प्रवास केला. उपयोगाचं तेवढं सांगते. वडखळपर्यंत रुमाल बांधा. पाणी नागोठण्यात भरून घ्या. खिंडीत ट्रकला आधी जाऊ द्या. उतारावर दोन्ही बाजूंना झाडं आहेत, तिथे खरंच छान वाटतं. रोह्याच्या बाजारात मात्र मी उतरून सायकल हातात धरून चालले. संध्याकाळी सतीश आला. रस्ता कसा होता, त्याने विचारलं. मी म्हणाले, चांगला होता.

परवा भाजी आणायला निघाले होते तेव्हा वनिताचा फोन आला, नव्या नंबरवरून. फोन हप्त्याने घेतला आणि माझे पैसे नकोत, हे तिने आधी सांगून टाकलं. मग नवऱ्याचं सांगायला लागली. प्लास्टर काढलं, हात हलतोय, पण डोक्याचा फोटो काढलाय आणि डॉक्टर म्हणाले की...

माझ्या मागे घंटी वाजली. अगदी जवळ, दोनदा. मी दुसऱ्या कानात बोट घातलं आणि रस्त्याच्या मधोमध होते तिथेच उभी राहिले.

"काय म्हणाले?" मी म्हणाले. "वनिता, परत सांग."