हळदीचं चूर्ण भरणारी

संध्याकाळच्या बसमध्ये ती बेळगोळला चढायची. तिची नखं पिवळी असायची आणि भुवयांतही पिवळी पूड. हळदीच्या अर्काचं चूर्ण डब्यांत भरणाऱ्या कारखान्यात ती कामाला होती. सीट रिकामी असली तरी दाराशीच उभी राहायची, कुणाच्या कपड्यांना पूड लागू नये म्हणून.

बसमधल्या कानडी बोलण्यात मला फोनवर मराठी बोलताना ऐकून ती हसली होती. तिच्या घरीही मराठीच.

एकदा मी म्हटलं, "आईचा खोकला जात नाही. तुमच्याकडचं थोडं चूर्ण मिळेल का?"

"बेडा अक्का, नको ते," ती म्हणाली. "लई बारीक असतंय, श्वासात जातंय. एकदा मास्क न लावता पोतं उघडलं, दोन महिने खोकत होते मी. आईला डॉक्टरकडं न्या."

मग रोज दारातूनच विचारायची, "नेलं काय?"

चौथ्या दिवशी तिला उत्तर देता यावं म्हणूनच मी आईला नेलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले.

तिला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला.

"तुम्ही दोन महिने खोकत होता, तेव्हा डॉक्टरला दाखवलं होतं का?" मी विचारलं.

"मला रोज विचारणारं कोण होतं, अक्का?" ती सहज म्हणाली आणि आपल्या स्टॉपवर उतरली.