सरकी खाणाऱ्या म्हशींचं तूप

वरातीमागून घोडं ही म्हण मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ते घोडं आमच्या दारावरून गेलंय.

वडील मिलमध्ये कारकून होते. ते गेले तेव्हा मी शाळेत होते, आणि आईने तूप विकायला सुरुवात केली. जवळच्या बेटमा गावाहून एक गवळी लोणी आणायचा. आई ते मंद आचेवर कढवायची, शेवटी विड्याचं पान टाकायची आणि ओळखीच्या घरी पोचवायची. इंदूरच्या निम्म्या मराठी बाळंतिणी माझ्या तुपावर उठल्या, असं ती म्हणायची. त्यात फार खोटं नव्हतं.

बाजारात मात्र 'शुद्ध घी'च्या डब्यात निम्मं वनस्पती तूप असायचं. हे सगळ्यांना ठाऊक. वनस्पतीला रंग द्या, म्हणजे ते तुपात लपणार नाही, अशी ओरड कधीची चालली होती. सरकार म्हणे, योग्य रंग सापडत नाही. सराफ्यातल्या जिलबीवाल्याला सापडायचा, बर्फाचे गोळे विकणाऱ्याला सापडायचा, एका सरकारलाच सापडत नव्हता. मेल्यांना शोधायचाच नव्हता. तोवर आईची गिऱ्हाइकं गळत होती. "वहिनी, तुमचं तूप चांगलंच हो, पण महाग पडतं," म्हणायची आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जायची.

म्हणून भेसळीच्या कायद्याची वाट आमच्या आईइतकी कुणी पाहिली नसेल. रोज मला पेपर वाचायला लावायची. "आला का ग?" "येतोय म्हणे." कायदा एकदाचा आला. इन्स्पेक्टर गल्लीत आले, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानाने आधीच फळ्या लावलेल्या. त्याला कुणी सांगितलं, देव जाणे. इन्स्पेक्टर परत निघाले तर आमची आई दारात उभी. म्हणाली, "साहेब, माझं न्या. सगळ्यांत आधी माझं तपासा. मग बघू कुणाची पोल उघडते." वर त्यांना चहा पाजला. त्यांनी तीन बाटल्यांत तूप भरलं, लाखेचं सील लावलं, आईची सही घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

निकाल आला. तूप भेसळीचं. आईने तो मला दोनदा वाचायला लावला. तिसऱ्या दिवशी मला घेऊन ती इन्स्पेक्टरच्या दप्तरात गेली. तिथले साहेब भले होते, तेच तर जास्त लागतं. म्हणाले, "माताजी, आपकी गलती नहीं है. इधर की भैंस कपास्या खाती है, तो घी का नंबर गिर जाता है. हम सब जानते हैं."

कपास्या म्हणजे सरकी. माळव्यात कापूस, कापसाची सरकी, आणि ती खात नाही अशी म्हैस शोधून सापडायची नाही. पण तुपाच्या तपासणीचा आकडा ठरवला तो साऱ्या देशाला एकच. "जानते हैं तो केस क्यों?" आईने विचारलं. ते म्हणाले, "नियम है. यहाँ का अलग नंबर बनेगा, कागज़ ऊपर गया है." वर म्हणजे कुठे? तर राज्य नवीन, फायली ग्वाल्हेरहून भोपाळला यायच्यात, भोपाळहून दिल्लीला जायच्यात. गवळ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "बाईजी, भैंस कपास्या नी खावे तो कईं खावे, कागज?"

तारखा सुरू झाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही हप्त्याहप्त्याने. वकील आमच्या ओळखीतले. त्यांनी सांगितलं, "काकू, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. चढलात, तर आता लवकर उतरा. कबूल करून टाका. थोडा दंड, कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा, आणि मोकळ्या."

"पण नियम बदलणार आहे ना?"

"बदलेल. कधी, ते विचारू नका."

आई तरी भांडली असती. पण त्याच आठवड्यात एका घरून तिचा डबा परत आला, घासूनपुसून, रिकामा. त्या घरची दोन्ही नातवंडं तिच्या तुपावर वाढली होती. पुढच्या तारखेला तिने कबूल केलं. "तुपात भेसळ केली?" "हो." मग कोर्ट उठेपर्यंत ती भिंतीलगतच्या बाकावर बसली आणि मी तिच्याजवळ. येणारेजाणारे बघत होते. एक बाई तर ओळख असून पदर सावरत पुढे गेली. त्यानंतर आईने घरात खायलासुद्धा तूप कढवलं नाही. शिलाई करून तिने मला शिकवलं.

नियम बदलला, तेव्हा मी शाळेत शिकवत होते. सरकीच्या मुलखातल्या तुपाला वेगळा आकडा. स्टाफरूममध्ये पेपरात वाचलं. आनंद बिनंद काही नाही, संताप. इतकंच करायचं होतं, तर इतकी वर्षं काय झोपला होतात? घरी येऊन आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हणजे माझं तूप खरं होतं."

"खरंच होतं, आई."

"मग मी कोर्टात ते हो म्हटलं, ते परत घेता येईल का बघ."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्याच वकिलांकडे गेले. ते आता म्हातारे झाले होते. म्हणाले, "बाळ, ज्याने कबूल केलं त्याला अपील नसतं." मी त्यांना नको नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

घरी आले तर आई दारातच उभी होती, त्या दिवशी इन्स्पेक्टरसाठी उभी होती तशी. "काय म्हणाले ग?"

मी म्हटलं, "कागद वर गेलाय."

तिने मान डोलावली. ज्या शब्दांनी मी जन्मभर चिडले, तेच मी तिला ऐकवले. पुढे अंथरुणाला खिळली, तरी ती अधूनमधून विचारायची, "आला का ग?" आणि मी म्हणायचे, "येतोय म्हणे."