बर्फ नसलेल्या गावाचा ध्रुवीय प्रस्ताव

संशोधन-प्रस्तावाला शब्दमर्यादा असते. तो लिहिताना घडणाऱ्या प्रकारांना नसते. प्रस्तावातून जे गाळावे लागले ते मी नोंदवहीच्या मागच्या पानांवर उतरवत गेले, आणि पुढच्या पानांआधी मागचीच संपली! त्यांतले काही येथे देते. संवाद शक्यतो जसेच्या तसे आहेत. जेथे मला खात्री नव्हती, तेथे पोपटमामांना विचारले. त्यांना नेहमीच खात्री असते.

*

आमचे महाविद्यालय सावेडीत. पर्यावरणशास्त्र विभागात माणसे तीन: विभागप्रमुख शिंदे मॅडम, एम.एस्सी. होऊन प्रकल्प-सहायक म्हणून लागलेली मी, आणि रोज भिंगारहून सायकलवर येणारे प्रयोगशाळा-परिचर पोपटमामा. मॅडमनी पारनेरच्या मेंढपाळांच्या स्थलांतराच्या वाटांचे नकाशे अनेक वर्षे खपून तयार केले होते. ते लोखंडी कपाटात पडून होते.

अशात एका आंतरराष्ट्रीय निधीची जाहिरात आली. अतिउत्तरेकडील प्रदेशांच्या शाश्वत विकासावर अनेक देशांनी मिळून संशोधन करायचे होते. मॅडम मार्चअखेर निवृत्त होणार होत्या. त्याआधी मंजुरी आली, तर निवृत्तीनंतरही प्रकल्प त्यांनाच पूर्ण करता येणार होता. न आली, तर नकाशे कपाटातच राहणार होते.

मॅडमनी प्राचार्यांना समजावले, "सर, तिकडे आता भर हिवाळ्यात पाऊस पडतो. तो गोठून बर्फावर कडक थर बसतो आणि रेनडियरला खालचे दगडफूल खाता येत नाही. इकडे अवकाळीत आपली मेंढरे भिजून मरतात. कळप घेऊन फिरणाऱ्या दोघांचेही ऋतू बिघडले आहेत. त्यांनी एकमेकांशी बोलायला नको?"

प्राचार्य म्हणाले, "ते सगळे खरे. पण मॅडम, आपल्याकडे बर्फ कुठे आहे?"

दारातून पोपटमामा म्हणाले, "हाय की सर! प्राणीशास्त्राच्या फ्रीजरमधी वीतभर साचलाय. कवाधरनं सांगतोय, डिफ्रॉस्ट करा म्हणून!"

*

अर्जात 'क्षेत्रकामातील वन्यप्राण्यांचा धोका' असा रकाना होता. उत्तरेकडच्या आमच्या सहसंशोधक डॉ. मार्टा यांनी 'ध्रुवीय अस्वल' लिहिले आणि उपायात 'प्रशिक्षित बंदूकधारी'. मी प्रामाणिकपणे 'बिबट्या' लिहिले. उपाय मात्र मला सुचेना.

म्हणून आम्ही भिवाबापूंना फोन लावला. ते पारनेरकडचे जुने मेंढपाळ. मॅडमच्या नकाशांतल्या निम्म्या वाटा त्यांनीच चालून दाखवल्या होत्या. मी विचारले, "बापू, उसाच्या रानात मेंढरांचा वाडा लावता, तेव्हा बिबट्यासाठी काय करता?"

"तीन गोष्टी ठिवायच्या, ताई. दोन कुत्री, एक बत्ती आन् मोठ्यानं बोलनारी बायको."

मागून त्यांच्या बायकोचा, गंगूबाईंचा आवाज आला, "त्येंना सांगा, बिबट्या आला तवा तुमी कुटं बसला हुता ते!"

मी अर्जात लिहिले: 'प्रशिक्षित श्वान, प्रकाशयोजना व ध्वनीद्वारे प्रतिबंधक उपाय.' परीक्षकांनी या उपायांच्या सविस्तर तपशिलाची विनंती केली.

*

डिसेंबरात मार्टांशी व्हिडिओ बैठक झाली. त्यांच्याकडे सकाळचे अकरा वाजले होते आणि खिडकीबाहेर काळोख होता. पोपटमामा चहा घेऊन आले आणि पडद्याकडे बघत थांबले.

"मॅडम, लाईट गेली का त्यांची?"

मॅडम म्हणाल्या, "मामा, तिथे हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही. दोन-दोन महिने."

मामांनी कप ठेवला. "दोन म्हैने? आन् ह्ये लोक कंप्लेंट करत न्हाईत?"

*

सहभागी मेंढपाळांचे संमतिपत्र बारा पानी होते. नियमानुसार ते शब्दशः वाचून दाखवायचे होते. कळप तेव्हा स्थलांतरावर होता, म्हणून मी राहात्याजवळच्या एका कापणी झालेल्या शेतात गेले. मेंढरे खतासाठी तिथे बसवलेली होती. मी बांधावर बसून वाचू लागले. बापूंनी अकरा पाने डोळे मिटून ऐकली. बाराव्या पानावर वाक्य होते: 'सहभागी व्यक्ती कोणतेही कारण न देता केव्हाही निघून जाऊ शकते.'

बापूंनी डोळे उघडले. "ताई, कारन न देता उठून जायचं, ह्ये तर आमी पिढ्यान् पिढ्या करतोय. त्याला सही कशाला?"

*

जानेवारीत पहिल्या फेरीचा निकाल आला. प्रस्ताव नाकारला नव्हता, पण शेरा बोचरा होता: 'कोरड्या प्रदेशातील मेंढपाळ आणि उत्तरेकडील पशुपालक यांच्यात समान असे काय आहे, हे पटत नाही. अंतिम मुलाखतीत स्पष्ट करावे.'

स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "मॅडम, दोन महिने राहिलेत. कशाला जिवाला त्रास? शाल-श्रीफळ घ्या आणि निवांत व्हा."

मॅडम पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन महिने राहिलेत ना? मग दोन महिन्यांचे काम बाकी आहे."

त्या दिवसापासून आम्ही प्रस्ताव पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला घेतला. या किश्शात हसण्यासारखे काही नाही. तरीही तो गाळावा असे मला वाटले नाही.

*

अंतिम मुलाखत फेब्रुवारीत ऑनलाईन झाली. दोन्हीकडच्या एकेका पशुपालकाने हजर राहावे, अशी अट होती. तिकडून इंगा नावाच्या साठीच्या बाई होत्या, आयुष्यभर रेनडियर राखलेल्या. इकडून भिवाबापू. कळप गंगूबाईंवर सोपवून ते राहात्याहून पहाटेच्या एसटीने आले होते, धुतलेला फेटा बांधून.

मॅडमनी नकाशे दाखवले. मार्टांनी त्यांचे दाखवले. समितीचे अध्यक्ष ऐकत होते. चेहऱ्यावर काही दिसत नव्हते. मग ते म्हणाले, "आपल्या अर्जात एक गंभीर त्रुटी आहे. 'पशुधनाची संख्या' हा रकाना दोन्ही बाजूंनी कोरा आहे."

तो रकाना भरून घेणे माझे काम होते. बापूंना मी चार वेळा विचारले होते आणि चारही वेळा त्यांनी मला चहा पाजला होता. मार्टांकडूनही तो कोराच आला, तेव्हा मी त्यांना दोन ईमेल पाठवल्या होत्या. उत्तर आले नव्हते.

अध्यक्ष म्हणाले, "दोघेही समोर आहेत. आत्ताच विचारू. आपल्याकडे किती जनावरे आहेत?"

मी प्रश्न मराठीत सांगितला. बापूंनी फेटा सारखा केला. पडद्यावर इंगांनी कपातला एक घोट घेतला. मॅडमनी पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले.

अखेर इंगा म्हणाल्या, "सकाळी उठावं लागतं, इतकी."

मी ते बापूंना सांगितले. त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिले आणि मांडीवर थाप मारली. "खरी धनगरीन हाय ही! आपलं धन कुनी मोजून सांगतं व्हय? आकडा सांगितला असता, तर म्या उठून गेलो असतो!"

मी भाषांतर केले. इंगा इतक्या हसल्या की त्यांचा कॅमेरा हलला. मग त्यांनी बापूंना थेट विचारले, "तुमच्याकडेही माणूस दुसऱ्याची जनावरं मोजायला लागला की त्याला जेवायला बसवतात?"

"चहा पाजतो," बापू म्हणाले. "लईच मोजाया लागला तर जेवन."

पुढची वीस मिनिटे दोघे एकमेकांना प्रश्न विचारत राहिले: वाट कोण ठरवते, आधी कोणते जनावर चालते, पाऊस चुकीच्या वेळी आला तर कळप कुठे वळवायचा. आम्ही केवळ भाषांतर करत होतो. अध्यक्षांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी ते म्हणाले, "मुख्य शंकेचे उत्तर मला मिळाले. तो रकाना आम्हीच अर्जातून काढून टाकतो."

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मंजुरीचे पत्र आले. मॅडमनी ते दोनदा वाचले, कपाट उघडून नकाशे टेबलावर काढले आणि बापूंना फोन लावला. स्पीकर चालू होता.

"बापू, निधी मंजूर झाला!"

"लई चांगलं झालं, मॅडम! किती मिळालं?"

मॅडमनी पोपटमामांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"सकाळी उठावं लागेल, इतकं."