डॅशबोर्डवरचं बटण

त्या वायरमनचं नाव मी विचारलं नाही, त्यानेही माझं विचारलं नाही. कोलशेतला त्याचं गॅरेज होतं. माझ्या जुन्या गाडीचा, इंजिन थंड ठेवणारा, पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून विजेवरचा बसवायचा होता. पंखा मीच भंगारातून निवडून नेलेला. त्याने पाती बोटाने फिरवून पाहिली.

“बरोबर आणलात, ताई. इंजिन तापलं की आपोआप सुरू होईल.”

“तरी डॅशबोर्डवर एक खटक्याचं बटण द्या. मला हवा तेव्हा लावता आला पाहिजे.”

“बटण दिलं की माणूस रस्ता सोडून तापमानाच्या काट्याकडे बघत बसतो.”

“गाडी माझी आहे.”

त्याने बटण बसवलं. मग इंजिन चालू ठेवून, गाडीकडे पाठ करून चहा पीत बसला. पंखा घरघरला तेव्हा तो वळलासुद्धा नाही. माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या.

दुसऱ्या दिवशी नाशिकला जाताना कसारा घाटात काटा वर चढायला लागला. माझं बोट बटणावर, नजर काट्यावर. मी दाबायच्या आत पंखा सुरू झाला. समोरचं वळण मला तेव्हा दिसलं.

बटण मी काढलेलं नाही. केसांचे रबर अडकवायला बरं पडतं.