माझी घळभरणी

लग्न ठरलं तेव्हा मी इगतपुरीकडच्या एका मातीच्या धरणावर इंजिनिअर होते. असं धरण बांधताना नदीसाठी मधोमध मोठी फट सोडतात. दोन्ही बाजूंचा बांध वर्षानुवर्षं उंच होत राहतो, नदी मधून आपली निमूट वाहत असते. मग एका उन्हाळ्यात ती फट मातीने भरून टाकायची, पावसाच्या आत. याला म्हणतात घळभरणी. ती अर्धवट राहिली तर पुरात सगळी मेहनत वाहून जाते. त्या दिवसांत आम्हाला सणवार, लग्नकार्य काही नसतं. मला मात्र स्वर्ग दोन बोटंच उरला होता. धूळ खात, गाणी गुणगुणत मी रोलरच्या मागेमागे फिरत होते.

होणाऱ्या सासूबाई नाशिकच्या, बोलायला फटकळ. त्यांना मे महिन्यातलाच मुहूर्त हवा होता. बांधावर एकाच कोपऱ्यात फोनला रेंज यायची, तीही मर्जी असेल तर. तिथे उभी राहून, डंपरच्या घरघराटात मी ओरडले, "आई, घळभरणी चालू आहे! पावसाआधी पोट वर आलंच पाहिजे! भरणी उरकली की मग लग्नाची तिथी धरू!"

पोट म्हणजे बांधाच्या आतला काळ्या मातीचा गाभा. साइटवर सगळे तसंच म्हणायचे. पलीकडून नुसतं "अगं बाई!" ऐकू आलं आणि फोन कट झाला. मी खुशीत कामाला लागले. किती समजूतदार सासू मिळाली!

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेचा फोन. "वहिनी, काय बोललीस तू आईला? ती म्हणते, सूनबाईचं पोट वर आलंय आणि ओटभरणी झाल्यावर लग्न करू म्हणतेय! रात्रभर जागीच होती. आत्ता जीप करून तिकडेच निघालीये."

मला आधी हसूच आवरेना, मग भराभर फोन फिरवायला घेतले. होणाऱ्या नवऱ्याला लावला, तर तो ओझरला कारखान्यात आणि ड्युटीवर फोन जवळ नसायचा. सासूबाई उचलत नव्हत्या. लग्न मोडणार, आणि तेही न झालेल्या बाळामुळे! तो माणूस मला फार म्हणजे फारच आवडला होता हो.

दुपारी मुकादम धावत आला. "मॅडम, नाशिकच्या बाई आल्यात. हातात पिशवी हाय. लय गंभीर दिसतायत."

सासूबाई बांध चढून आल्या त्या घामाघूम होऊन. मी एका दमात सुरू झाले, "आई, पोट माझं नाही, धरणाचं! घळभरणी! ती बघा घळ, तो बघा रोलर!" त्यांनी घळ पाहिली, डंपर पाहिले, मग माझ्या पोटाकडे निरखून पाहिलं. त्यावर पॅन्टचा पट्टा शेवटच्या भोकात आवळलेला होता. त्या तिथेच मुरुमाच्या ढिगावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

मी भीतभीत विचारलं, "तुम्ही लग्न मोडायला आला होतात ना?"

"मोडायला?" त्यांनी पिशवी उघडली. आत खण, नारळ, गहू आणि डिंकाचे लाडू. "ओटी भरायला आले होते. म्हटलं, झालंय ते झालंय. पोर तिकडे उन्हात एकटी, तिचं कोण करणार?"

मला रडूच फुटलं. कडक सासूची मी घेतलेली सगळी धास्ती त्या रडण्यात गेली.

"आणलेलं परत नेत नसतात. पदर धर," त्या म्हणाल्या. पदर कुठला? मी डोक्यावरचं हेल्मेट उलटं करून पुढे धरलं. त्यात खण गेला, गहू गेले, नारळ टणकन आपटला. खाली डंपरवाल्यांनी हॉर्नचा नुसता धुमाकूळ घातला.

जीपमध्ये बसताना त्यांनी मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाल्या, "काल रात्री मी नावंसुद्धा ठरवून टाकली गं. आता फार वेळ लावू नका."