बोल्ट जागेवर, इंजिन गायब

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता धूसर झाले आहेत. पण होटगीच्या बाजूला एका शेडमधून गेलेले इंजिन अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा सोलापूरजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ धापा टाकत ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. एकेकाळचे अडत व्यापारी, आता बागायतदार. त्यांना आप्पा म्हणू.

"साहेब, माझं इंजिन नेलं."

"पंपाचं का?" अंमलदाराने विचारले.

"ट्रॅक्टरचं. बागेतला लहान ट्रॅक्टर असतो बगा. तुमी चलाच, दावतो."

शेडमध्ये गेल्यावर मी थक्क झालो. पेरू-लिंबाच्या ओळींमधून जातील असे बुटके, अरुंद, जुने ट्रॅक्टर ओळीने उभे होते. आप्पांनी ते गावोगावच्या गोठ्यांतून आणि भंगारातून शोधून आणले होते. सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून लेथवर घडवून घेतले होते. त्यांतला सर्वांत जुना माळशिरसकडे कडब्याखाली सापडलेला. परदेशी बनावटीचा, एका सिलिंडरचा. पेट्रोलवर सुरू करायचा आणि गरम झाला की रॉकेलवर घ्यायचा. नेमके त्याचेच इंजिन गेले होते.

"कंपनी कवाच बुडाली," आप्पा म्हणाले. "चालू असलेलं असं दुसरं इंजिन मला तरी ठाऊक न्हाय. भंगारात गेलं असंल तर भट्टीत टाकायला किती वेळ लागतोय?"

हे वाक्य मला टोचत राहिले. चोरीची मोटारसायकल महिन्यानेही मिळते. पण इंजिनाचे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, एकदा वितळले की जप्त काय करणार? मी जागेवरूनच फोन लावले, इंजिनाचा फोटो भंगारवाल्यांपर्यंत पोहोचवला आणि दोन शिपाई भट्ट्यांकडे पिटाळले.

पंचनामा करताना एक गोष्ट खटकली. इंजिन उतरवून झाल्यावर बोल्ट आपापल्या भोकांत हाताने परत फिरवून ठेवलेले होते. पुढचा भाग कलंडू नये म्हणून खाली लाकडी ठोकळाही लावलेला. चोर घाईत असतो. ज्याला वस्तू परत बसवायची असते तोच बोल्ट जपून ठेवतो. हे समजूनही माझी तगमग कमी होईना. दर थोड्या वेळाने मी फोन बघत होतो.

दुपारी एका भंगारवाल्याचा फोन आला. "साब, वो आप्पा के मिस्तरी का टेम्पो मोडनिंब के रस्ते पे देख्या मैं. ताडपत्री बांधेला था."

हा मिस्त्री पन्नाशीचा, गावातच त्याचे गॅरेज. आप्पांचे सगळे ट्रॅक्टर त्याच्याच हाताखालून गेलेले. जीप पाठवून त्याला ठाण्यात आणले. आप्पांना कळले तेव्हा ते माझ्यावरच उखडले. "त्यो न्हाय. त्याला कशाला धरलं?"

मिस्त्री शांतपणे बाकावर बसला.

"मोडनिंबला कशाला गेला होतास?"

"गेलो व्हतो."

"टेम्पोत काय होतं?"

तो बोटांवरचे ग्रीस फडक्याने पुसू लागला.

"विकलंस?"

"न्हाय."

"मग सांग की."

"शब्द दिलाय, साहेब. तुमी काय बी लिवा."

माझ्या हवालदाराचा आवाज चढू लागला, तसे मी त्याला बाहेर पाठवले. ठाण्यात बसवलेला माणूस बहुधा आधी स्वतःची सुटका विचारतो. कधी सोडता, घरी कळवलं का, वकील बोलवू का. हा भलतेच विचारून बसला. "आप्पा दुसऱ्या ट्रॅक्टरचं हँडल मारायला लागलं न्हाईत न्हवं?"

"का रे?"

त्याने जीभ चावली. काळजी आप्पांचीच होती, म्हणजे शब्दही त्यांच्या घरातच कुणाला तरी दिलेला असणार. मी टोपी उचलली आणि तडक आप्पांच्या घरी गेलो.

आप्पा शेडमध्ये होते. त्यांच्या पत्नी एकट्याच स्वयंपाकघरात ज्वारी पाखडत होत्या.

"मावशी, मिस्त्री ठाण्यात बसलाय. कुणाला तरी शब्द दिलाय म्हणतो."

सूप हातातच राहिले. "त्याला सोडा," त्या म्हणाल्या. "मीच काढायला लावलं. आमी बाजारला गेल्यावर त्यानं नेलं. माझ्या भावाच्या मळ्यात ठेवलंय, मोडनिंबला."

मग त्या भडाभडा बोलू लागल्या. आप्पांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी जोराचे काम बंद सांगितले होते. तरी रोज सकाळी ते इंजिन हँडल मारून सुरू करायचे. एकदा हँडलने उलटा झटका दिला आणि ते ट्रॅक्टरपाशीच पडले. मावशींनीच त्यांना उठवले होते.

"बेडा री, बेडा री म्हणून माझं तोंड दुखलं. नका हो, नका हो. इंजिनाचा आवाज जरा बदलला की ह्यांना कळतंय. माझा न्हाय कळत."

आप्पा केव्हापासून दारात उभे होते, आम्हा दोघांनाही समजले नव्हते. ते आत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. बायकोला कानडीत काहीतरी हळू बोलले. मला ते कळले नाही. मावशींनी फक्त मान हलवली. मग ते माझ्याकडे वळले. "मिस्त्रीला आदी सोडा, साहेब."

इंजिन मळ्यात पोत्यांवर ठेवलेले मिळाले. आत धूळ जाऊ नये म्हणून तोंडांत स्वच्छ फडकी कोंबलेली होती. लबाडीचा हेतू नव्हता, गुन्हा गैरसमजातून दाखल झालेला, म्हणून मी न्यायालयात सी समरी, म्हणजे गुन्हा बंद करण्याचा अहवाल, पाठवली. ती मंजूर झाली. इंजिन ट्रॅक्टरवर पुन्हा बसवले गेले. आता मिस्त्री येऊन ते सुरू करतो आणि आप्पा लांब खुर्चीवर बसून ऐकतात, असे कानावर आले.

या तपासाने मला एक शिकवले. वस्तू नाहीशी झाली की आम्ही फायदा कुणाचा, हे शोधतो. त्यानंतर मी भीती कुणाला होती, हेही विचारू लागलो.

पण माझी अस्वस्थता निराळीच होती. मिस्त्रीला पोलिसांच्या जीपमधून नेताना सगळ्या गावाने पाहिले होते. समरी मंजूर झाल्याचे कुणाला दिसले? त्याच्या गॅरेजपुढची गर्दी ओसरली. तरी मावशींचे नाव वाचवायला तो कुणालाच खरे सांगत नव्हता. गुन्हा बंद करायला आमच्याकडे कागद आहे, माणसाचे नाव धुऊन द्यायला नाही.

बाजाराच्या दिवशी मी युनिफॉर्ममध्ये, स्वतःच्या मोटारसायकलवरून त्याच्या गॅरेजवर गेलो. रस्ता माणसांनी भरला होता. "जरा बघ," म्हणून मी गाडी त्याच्यापुढे लावली. मिस्त्रीने दोनदा किक मारून पाहिली, कान लावला.

"हिला काय बी झालं न्हाय, साहेब."

"माहीत आहे."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग रस्त्यावर थबकलेल्या लोकांकडे. आतून स्टूल आणून ते त्याने अगदी रस्त्याच्या कडेला ठेवले, फडक्याने पुसले आणि समोरच्या हॉटेलवाल्याला मोठ्याने हाक मारली, "दोन चहा पाठव रं!"