विमानाच्या पोटाला भोक

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर झाऱ्याची सावली आहे. दिवा लावा, विझवा, ती जागची हलत नाही, कारण ती तांबड्या ऑइलपेंटने रंगवलेली आहे. शेजारी पळीची, कालथ्याची, किसणीची. लाटण्याची तर आडवी, शवासनात. काम झालं की प्रत्येक वस्तूने आपापल्या सावलीत जाऊन लटकायचं. एक जरी सावली रिकामी दिसली, तरी घरात पान वाढलं जात नाही. एकदा पळीपायी अख्खी दुपार मी उपाशी बसलोय. पळी शेजारणीकडे निघाली. कढीसकट.

ही सगळी माझ्या सासऱ्यांची कृपा. ते हवाई दलात फिटर होते, म्हणजे विमानं उडवणारे नव्हेत, उडण्यालायक ठेवणारे. "विमान आमचं असतं, जावईबापू," ते मला सांगत. "वैमानिक फक्त चक्कर मारायला नेतो, तीसुद्धा आमची सही बघून." तिथे हत्यारांच्या फळीवर अशाच सावल्या रंगवलेल्या असत. एखादी रिकामी राहिली तर हत्यार विमानात विसरलं असं समजायचं, आणि ते सापडेपर्यंत विमान उडवायचं नाही. सासूबाई गेल्यावर ते नागावजवळच्या आमच्या वाडीत राहायला आले आणि तिसऱ्याच दिवशी भिंत रंगली. माझ्या बायकोला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ती अशाच भिंतीसमोर लहानाची मोठी झाली होती.

भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी एक सावली मात्र कायम रिकामी. तिच्यासाठी उपास नाही, चौकशी नाही. मी एकदा तिथे हौसेने गॅसचा लायटर अडकवला. सासऱ्यांनी तो काढून माझ्या हातात दिला आणि एक अक्षर बोलले नाहीत. हा माणूस मिठाच्या बरणीच्या झाकणावरही भाषण देतो. म्हणून मी पुन्हा त्या कोपऱ्याच्या वाटेला गेलो नाही.

मग शेजारच्या गावाने शाळेपुढे जुनी तोफ आणून ठेवली. आता आमच्या गावाने स्वस्थ बसायचं म्हणजे इभ्रतीचा प्रश्न. मी शाळेच्या समितीवर. अर्ज मीच लिहिला: 'कोणतेही निवृत्त विमान चालेल.' सासऱ्यांनी 'कोणतेही' खोडलं आणि वर एक नंबर लिहिला.

"बाबा, फुकटच्या विमानात निवड करतात होय?"

"हेच मागा. भंगारात जायच्या आत."

आणि खरोखर तेच आलं. पंख वेगळे, धड वेगळं, ट्रेलरवरून, वाटेतल्या चार माडांच्या झावळ्या तोडत. इंजिन काढून घेतलेलं. शाळेतल्या एका मास्तरांच्या शब्दांत, "आमच्या समितीसारखंच. दिसायला रुबाबदार, आत काही नाही." उद्घाटनाच्या पाहुण्यांनी विचारलं, हे लिटरला किती देतं. पुढे पंखाखाली शेळ्या बसू लागल्या, मागच्या नळकांड्यात साळुंक्यांनी संसार थाटला, आणि किनाऱ्यावरून येणारे पर्यटक विचारू लागले की यातून राइड मिळते का. एका नवरदेवाने तर पायाशी उभं राहून असा फोटो काढला, जणू नुकताच उतरलाय.

सासरे रोज सकाळी जात, पोटाखालून हात फिरवत आणि परत येत. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा जीव आहे विमानावर. असू दे.

यंदा पावसाळ्याच्या शेवटी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला मेव्हण्याकडे गेले आणि नेमकी तेव्हाच आरोग्यसेविका गावात डासांच्या अळ्या शोधत आली. पिंपं पाहिली, टायर पाहिले, मग विमानाच्या पोटावर थाप मारून म्हणाली, "आत पाणी साठलंय." खरंच आतून डबडब आवाज येत होता. मुख्याध्यापिकाबाईंनी कपाळाला हात लावला. आरोग्यसेविकेने पावती पुस्तक काढलं आणि आमच्या लढाऊ विमानाला डेंग्यूची नोटीस दिली.

पाणी काढायचं कसं? आमच्या किनाऱ्यावर या प्रश्नाला एकच उत्तर: होड्या बांधणारा सुतार. तो आला, खाली वाकला, वर पाहिलं.

"ह्याला बूच कुठाय?"

"विमानाला बूच नसतं रे," मी म्हणालो.

"होडी वर काढली का पयलं बूच काढतात, पानी जातंय. इमान वर काढलंत नि बूच न्हाय? ज्यानी बांदलं त्याला कळत न्हवतं काय?"

मला हे पटलं. आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना हे पटतंच. त्याने ड्रिल लावलं आणि पोटाच्या अगदी सखल जागी दोन बोटं मावतील एवढं भोक पाडायला सुरुवात केली. पत्रा असा किंचाळला की शेळ्या पळाल्या. आणि त्याच क्षणी शाळेच्या फाटकाशी रिक्षा थांबून तिच्यातून काळा चष्मा घातलेले सासरे उतरले.

"कोण आहे तिकडे? काय करताय?"

"बाबा, बूच बसवतोय," मी म्हणालो. याहून मूर्ख वाक्य मी उभ्या आयुष्यात उच्चारलेलं नाही.

"बूच? अहो, विमानाला पाणी जायला भोकं असतात! सात आहेत! कुंभारमाशीने मातीने लिंपली असतील, तार घालून मोकळी करायची! जावईबापू, सरकारी विमानाला भोक पाडलंत तुम्ही!"

तोवर पाण्याची धार सुटली होती. काळं, वळवळतं. आरोग्यसेविका हर्षाने बशीत अळ्या धरू लागली. आणि एकाएकी धार थांबली. सुताराने भोकात बोट घातलं, चिमटीत काहीतरी धरून ओढलं.

"ह्ये बगा. तुमचा बूच आतच व्हता."

लोखंडाचा बोटभर तुकडा. सासऱ्यांनी हात पुढे केला. काळ्या चष्म्याआडून त्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी तो तुकडा टोकापासून टोकापर्यंत चाचपला.

"पाना आहे," ते म्हणाले. "माझा नाही. माझा स्क्रूड्रायव्हर होता."

मग ते शाळेच्या पायरीवर बसले आणि सासूबाईंनाही कधी न सांगितलेली गोष्ट त्यांनी एका सुताराला, एका आरोग्यसेविकेला, मुख्याध्यापिकाबाईंना आणि मला सांगून टाकली.

"याच विमानावर काम करत होतो. संध्याकाळी फळीवर एक सावली रिकामी. मी म्हटलं, आत राहिलाय. तीन दिवस उघडून शोधलं. साहेब म्हणाले, या विमानात काही राहूच शकत नाही, तू घरी नेलास. कागदावर चोर ठरलो, ते सोडा. पण विमान उडायला लागलं ना! पोटात माझा स्क्रूड्रायव्हर. एखाद्या दिवशी विमान वळवायच्या दांड्यात अडकला असता, तर वर बसलेलं पोर गेलं असतं. ते उतरेपर्यंत मी घास घेत नव्हतो. चार वर्षं. मग बदली झाली. तिकडे कसं कळणार, उतरलं का नाही ते?"

रोज सकाळी पोटाखाली फिरणारा हात, अर्जावरचा नंबर, आमचे उपास: सगळं माझ्या एकदम लक्षात आलं. मी त्या पळीबद्दल गावभर केलेले विनोदही मला आठवले.

सासऱ्यांनी पाना तळहातावर तोलला. "म्हणजे राहतं," ते म्हणाले. "आत राहतं. हा दुसऱ्या कुणाचा तरी राहिलाय. त्यालाही म्हणाले असतील, घरी नेलास."

सुतार सरसावला. "दादा, आनी एक भोक मारू काय? तुमचाबी पडंल."

"खबरदार!" मुख्याध्यापिकाबाई आणि मी एकाच सुरात.

सासऱ्यांनी मान वर केली. काळ्या चष्म्यातून ते कितीतरी वेळ त्या पोटाकडे पाहत होते. मला वाटलं, आता म्हणतात 'मार'. पण ते उठले आणि धोतराची धूळ झटकली. "नको. बूच मात्र सागाचं बसव. आणि विमानाच्या रंगाचं रंगव. तपासणीला आले तर मी बघून घेईन."

घरी येताच त्यांनी ब्रश मागितला. डोळ्याला औषध घालून दोन दिवस पडून राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी कोपऱ्यात, अंगठ्याएवढ्या सावलीच्या शेजारी, पान्याची सावली रंगवली, थोडी वाकडी, आणि पाना तिथे लटकवला. अंगठ्याएवढी सावली रिकामीच.

जेवायची वेळ झाली. बायको भिंतीसमोर थबकली. पळीची जागा मोकळी. आम्ही दोघांनी सवयीने ताटं बाजूला सरकवली.

"वाढ गं," सासरे म्हणाले.

"बाबा, पळी?"

"असेल आत कुठेतरी." त्यांनी पाटावर बैठक मारली. "विमान उतरलंय."

बायकोने आमटी वाटीनेच वाढली. चौथ्या वाटीला, पातेल्याच्या बुडाशी, पळी लागली.